पलीकडनं कोण उचलतच न्हाई

"बाई, फोन लावल्यागत वाटतंय बघा. रिंग जात्या, पण पलीकडनं कोण उचलतच न्हाई."

निपाणीहून पाऊणशे किलोमीटर बसने येऊन हे गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. पन्नाशी ओलांडलेली, तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, सहा वर्षांपूर्वी पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची हरकत नाही.) प्रार्थना करतो, शास्त्र वाचतो, तरी देव जवळ वाटत नाही, विश्वासच कमी पडतोय का, ही काळजी खानापूरपासून अथणीपर्यंतच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून, म्हणजे चर्चमधून, माझ्याकडे सतत येते. पण वही घेऊन आलेले हे पहिलेच.

वहीत खुणा होत्या. रोज 3 अध्याय आणि रविवारी 5, म्हणजे पवित्र शास्त्राचे, बायबलचे, 1189 अध्याय वर्षात पुरे होतात. असं पाच वेळा झालं होतं. शुक्रवारी उपवास. पहाटे 4 वाजता प्रार्थना, आणि मध्ये डुलकी लागली किंवा मन भरकटलं तर परत पहिल्यापासून. काही दिवशी तीनतीनदा. वखारीतलं वजन लिहावं तशी स्वच्छ वही, कुठे खाडाखोड नाही.

कारण त्यांनीच शोधून ठेवलं होतं. "तंबाखूची भाकरी खातोय, म्हणून देव ऐकत नसंल." मी ते उडवून लावलं नाही. आमच्या भागात हा प्रश्न खरा आहे, विडीकामावर घरं चालतात आणि मनात टोचणीही असते. पण तीस वर्षं तीच नोकरी होती आणि देव दूर वाटायला लागून पाचसहा वर्षंच झाली होती. म्हटलं, हे बाजूला ठेवू, त्यावर नंतर बोलू.

एका पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) त्यांना विचारलं होतं, "काही पाप लपवलंय का?" तेव्हापासून ते जुनी पापं आठवून आठवून कबूल करत होते. शाळेतली पेन्सिलचोरीसुद्धा. मला याचा राग आला, अजूनही येतो.

मी आधी झोप, भूक विचारली. जगणं नकोसं वाटतं का, हेही सरळ विचारलं. दोन आठवडे किंवा जास्त झोप उडालेली, कशातच रस नाही, मरणाचे विचार, असं असेल तर मी पहिल्यांदा डॉक्टरकडे पाठवते. मरणाचे विचार असतील तर दोन आठवडेही थांबत नाही. यात विश्वास कमी पडल्याची काही गोष्ट नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली "आता मरू दे" म्हणत आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकरी दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं. देवाची मंद वाणी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, होरेब डोंगरावर. दिवाणजींचं तसं नव्हतं. जेवण बरं होतं, झोप पहाटे 4 वाजता स्वतःच मोडत होते तेवढीच.

मग म्हटलं, "घरी करता तशी प्रार्थना इथं करा."

ते उभे राहिले. "हे स्वर्गस्थ पित्या, सर्वसमर्थ परमेश्वरा, आम्ही तुझी अयोग्य लेकरे..." दहा मिनिटं. मंडळीतले आजारी, देशाचे अधिकारी, पाऊसपाणी, सगळं आलं. 'मी' एकदाही आला नाही. निपाणीचा एक शब्द आला नाही. माझ्याशी "जात्या", "न्हाई" बोलणारा माणूस देवाशी व्यासपीठावरची मराठी बोलत होता.

मी विचारलं, "वडिलांशी कसं बोलायचा?"

"आप्पांशी? बोलायचं कुठं बाई. उभं ऱ्हायचं. व्हय आप्पा, बरं आप्पा."

आपल्याकडे आईला 'तू' म्हणतात, बापाला 'तुम्ही', आणि देवाला मात्र 'तू'. दिवाणजींनी व्याकरणापुरतं 'तू' ठेवलं होतं; आत सगळं 'व्हय आप्पा' चाललेलं. गेथशेमाने बागेत येशूने पित्याला मारलेली हाक शुभवर्तमानकार मार्कने (येशूचं चरित्र लिहिणाऱ्याने) ग्रीकमध्ये लिहितानाही अरामीतच ठेवली, अब्बा. घरच्या बोलीतली हाक, आणि तिच्यामागोमाग हा प्याला माझ्यापासून दूर कर ही मागणी. हे सांगितलं तेव्हा ते नुसते म्हणाले, "आप्पागतच हाय की शब्द." दोन्हींचा काही संबंध नाही, पण मी दुरुस्त केलं नाही.

मग बायबलमधलं 23 वं स्तोत्र काढलं. त्यांना तोंडपाठ. म्हटलं, हळू म्हणा, देवाला काय म्हटलंय ते बघत. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला चालवतो, सगळं 'तो'. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथे एकदम 'तू' होतो: तू माझ्याबरोबर आहेस.

ते दरीपाशी थांबले. बराच वेळ. मग पत्नीचं निघालं. 21 दिवस उपवास-प्रार्थना केली होती, ती तरी गेली. पंधरा दिवसांनी मंडळीपुढे उभं राहून त्यांनी "देवाची इच्छा, त्याचे आभार" अशी साक्ष दिली. लोक म्हणाले, काय विश्वास! त्यानंतर ते तिच्यासाठी रडले नव्हते, देवापुढे तर नाहीच.

"त्याच्यावर राग हाय म्हणायचं? देवावर?"

मी 13 वं स्तोत्र वाचायला दिलं. सहाच वचनं, आणि पहिल्या दोनांत चारदा 'कोठवर'. 88 वंही दिलं, जे अंधारातच संपतं, शेवटी आभार नाहीत. हे शास्त्रातच ठेवलंय, कुणी काढून टाकलं नाही.

वही तीन महिने कपाटात ठेवायची ठरली. संध्याकाळी दारातल्या कट्ट्यावर बसून, या स्तोत्रांतलं एक वचन वाचून, दहा मिनिटं निपाणीच्या बोलीत बोलायचं. सुरुवात पत्नीपासून. उपासना सोडायची नाही, येशूने शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना'ही नाही. स्वतःचे शब्द आटतात त्या दिवशी पाठ असलेलेच उपयोगी येतात, हे मी माझ्या आईच्या आजारपणात पाहिलंय.

दुसऱ्या भेटीला ते चिडलेले आले. काही होत नव्हतं, शेजारी बघत होते. तिसऱ्या भेटीला म्हणाले, मोटारसायकलवरून येताना तवंदी घाटात गाडी बाजूला घेतली आणि ओरडलो. काय ओरडले ते मी विचारलं नाही.

"मग, देव जवळ वाटला?"

"जवळ-बिवळ कळत न्हाई बाई. पण आता भांडाण तरी समोरासमोर हाय."

तंबाखूचा विषय आम्ही पाचव्या भेटीत काढला, तो अजून चालू आहे. परवा आले तेव्हा सहज बोलून गेले, "काल परार्थनेत मधीच डोळा लागला."

"मग? परत पहिल्यापासून?"

"न्हाई. उठलो, चा ठेवला. आणि तिथनंच फुडं बोलाय लागलो."