'मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाउस' या चित्रपटात स्वतःचंच जुनं घर पाडल्यावर नायक जिमला सगळं कर्ज एकदम का फेडावं लागतं?

कारण कनेक्टिकटमधलं ते घर गहाण होतं आणि जिमनं ते धनकोच्या लेखी परवानगीशिवाय पाडलं. घर हेच तारण. तेच गेलं की हप्त्यांची सवलत संपते आणि उरलेली पूर्ण रक्कम मागता येते. १९४८च्या या चित्रपटात वकील मित्र बिल (मेल्विन डग्लस) हे लक्षात आणून देतो, पण तोवर घर जमीनदोस्त झालेलं असतं. मात्र पाडायचा निर्णय चुकीचा नव्हता. पाहायला आलेला प्रत्येक जाणकार 'पाडा' असंच सांगतो, आणि ते घर खरोखरच दुरुस्तीपलीकडचं होतं. चुकला तो क्रम: आधी धनकोचं संमतीपत्र घ्यायचं किंवा कर्ज फेडायचं, नंतर पाडकाम.