पैसे घाल ते तळात आणि धारेत

रामबाग, इंदूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. विजयनगरच्या खोलीसाठी ३१ वस्तू, प्रत्येकीसमोर किंमत, आणि खाली प्रश्न, "काका, यातलं काय घेऊ?" स्वतःची चूल पहिल्यांदाच मांडतोयस, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

मी स्वयंपाक शिकलो तो ५२व्या वर्षी. तुझ्या काकूचा उजवा हात मोडला, प्लास्टर पडलं, आणि मला चहापलीकडे काही येत नव्हतं. घाबरून मी नॉनस्टिक भांड्यांचा मोठा संच आणला. वर्षभरात दोन तव्यांचा लेप सुटला, उरलेली भांडी माळ्यावर गेली. काकूनं मात्र खुर्चीत बसून एक गोष्ट शिकवली, ती आजवर कामी येते. भांडं हातात घे, उलटं कर, बूड बघ. पुढे मी त्यात धारेची भर घातली. पदार्थाला आच लागते ती तळातून आणि पदार्थ कापला जातो तो धारेनं. पैसे या दोन ठिकाणी घालायचे. बाकीचं स्वस्तातलं चालतं, मागून आणलेलंही चालतं.

तळाचं आधी सांगतो. शाळेत इतकी वर्षं उष्णतेचं वहन शिकवलं, पण ते खरं कळलं दूध करपल्यावर. स्टीलमधून उष्णता फार हळू पसरते, ॲल्युमिनियममधून त्याच्या दहा-पंधरापट लवकर. पातळ स्टीलच्या पातेल्यात बर्नरच्या बरोबर वर एक गोल जळतो आणि कडेचं दूध कोमटच राहतं. यावर चांगला उपाय म्हणजे ट्रायप्लाय, दोन स्टीलच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा. महाग असतं, म्हणून एकच घे. दोन लिटरचं, झाकणाचं. चहा, दूध, आमटी, खीर सगळं त्यातच होईल. यादीतली बाकी चार पातेली खोड.

दुसरा कुकर. साधं पाणी शंभर अंशांच्या आसपास उकळतं आणि तिथेच थांबतं, आच कितीही मोठी केली तरी. कुकरमध्ये दाब वाढला की तेच पाणी १२० अंशांच्या जवळ जातं. तूरडाळ मऊ होते ती या वीस अंशांनी. एकट्याला ३ लिटरचा पुरतो, पण डबे लावून वरण-भात एकदम काढायचा असेल तर ५ लिटरचा घे. आयएसआयची खूण बघितल्याशिवाय घेऊ नकोस. थेट कुकरात डाळ किंवा तांदूळ लावलास तर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नकोस, फेस येऊन शिट्टीचं भोक बुजतं. शिट्टीची नळी दर वेळी उजेडासमोर धरून आरपार दिसते का बघ. आणि ज्याची रिंग नि सेफ्टी व्हॉल्व्ह आपल्या गल्लीतल्या दुकानात मिळतो, तोच कुकर चांगला. रिंग सैल झाली म्हणून आख्खा कुकर टाकून देणारी माणसं बघून मला फार वाईट वाटतं.

तिसरा लोखंडी तवा. नॉनस्टिक नको म्हणतो ते केवळ माझ्या अनुभवामुळे नाही. तो लेप साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर राहिला तर तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. पोळी, भाकरी, धिरडं सगळं लोखंडावर होतं. पहिले आठ-दहा दिवस त्रास होईल. तवा धुवायचा, आचेवर कोरडा करायचा, तेलाचं बोट फिरवायचं, धूर दिसेपर्यंत तापवायचा, गार करायचा, पुन्हा तेच. तेलाचा पातळ थर लोखंडावर पक्का बसतो आणि मग धिरडं आपण होऊन कडा सोडतं. लोखंडाच्या कढईत मात्र चिंच-टोमॅटोची आंबट आमटी करू नकोस, ती काळी पडते आणि तुझा बसवलेला थरही जातो.

आजीची पितळी पातेली मिळणार असं लिहिलंयस. जरूर घे, पण आधी आत बघ. कल्हई उडाली असेल तर त्यात ताक, कढी, आमसुलाचं सार काहीही आंबट ठेवायचं नाही. कल्हई म्हणजे कथिल, आणि कथिल २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, आधी पाणी किंवा तेल घालायचं.

घरमालक गॅस ठेवू देत नाहीत आणि इंडक्शनच वापरावं लागणार असेल तर खिशात चुंबक ठेव. बुडाला चिकटला तर भांडं चालेल, नाही चिकटला तर कितीही सुंदर असो, परत ठेव. नुसत्या ॲल्युमिनियमचा कुकर आणि पितळ, दोन्ही तिथे चालत नाहीत.

आता धार. यादीत सुऱ्यांचा सहाचा संच आहे. एकच सुरी घे, वीतभर पात्याची, मुठीत बसणारी, आणि उरलेल्या पैशांतला थोडा भाग धार लावायच्या दगडात घाल. बोथट सुरी जोर लावायला लावते, मग घसरते. माझं बोट कापलं ते बोथट सुरीनंच. विळीची सवय असेल तर विळीच आण, तिच्यावर मेथी कापण्यासारखं सुख नाही. खवणी मात्र राहू दे. आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत कोकणाइतका नारळ रोज लागत नाही, मोदकांपुरती माझी ने.

किसणी चांगली, दणकट घे. पावसाळ्यात कोवळी कणसं आली की भुट्ट्याचा कीस केल्याशिवाय तुला इंदुरात राहिल्यासारखं वाटणार नाही. तो किसणीवरच करायचा. मिक्सरमधून काढला की दाण्याचा लगदा होतो, तुपात परतताना तो मोकळा होत नाही आणि दूध घातल्यावर खिरीसारखा बसतो. किसताना कणीस उभं धर, बोटं वर ठेव.

मिक्सर ५०० वॉटचा चटणीला पुरेल. इडली-डोशाचं वाटण दर आठवड्याला करणार असशील तरच ७५० चा बघ. थांबून थांबून फिरव, मोटर तापू देऊ नकोस.

पोळपाट-लाटणं, परात, चिमटा, सांडशी, झारा, पोहे भिजवायला चाळणी, मिसळणाचा डबा. हे सगळं साधंच घे, फक्त पोळपाट जड हवा. आणि एक वाटी ठरव. तांदूळ, पाणी, रवा, साखर सगळं त्याच वाटीनं मोज, म्हणजे दोन महिन्यांत अंदाज हातात येईल.

चॉपर, लसूण ठेचायचं यंत्र, पोळीचं यंत्र, बाफल्यांचा (कणकेच्या गोळ्यांचा) ओव्हन, सगळं खोड. लसणाला खलबत्ता आहे. बाफले आधी पाण्यात उकळायचे असतात, त्याला तुझा कुकर झाकणाशिवाय पुरतो. भाजायच्या दिवशी आमच्याकडे ये.

खरेदी ऑनलाइन करू नकोस, निदान तळाची नको. बूड फोटोत कळत नाही. शनिवारी संध्याकाळी ये, राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात आपण दोघं जाऊ. साधं स्टील तिथे वजनावर मिळतं आणि सांगितलं तर भांड्यावर नावही घालून देतात. काकूचं म्हणणं आहे की तुझ्या आईचं नाव घालावं. तू ठरव.

कढई घेऊ नकोस. माझ्या आईची बिडाची कढई तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. बूड गोल आहे, त्यामुळे थंडीत गराडूचा कंद तळायला तेल थोडं लागतं. मोठ्या आचेवर एकदम चढवू नकोस, तापलेली असताना गार पाणीही ओतू नकोस, बीड तडकतं. धुतल्यावर लगेच पुसायची आणि तेलाचं बोट फिरवून ठेवायची. येताना मोठी पिशवी आण, ती फार जड आहे.

तुझा,
काका