‘पत्र घेऊन जा, चालतं’ यावर विसंबू नका

तुमचा प्रश्न वाचून पोटात गोळा आला. जनरल सर्जरीतलं एमएस झालंय, बाँडचं म्हणजे सक्तीच्या सेवेचं वर्ष संपत आलंय, नीट एसएस या सुपरस्पेशालिटी प्रवेश परीक्षेतला रँक प्लास्टिक सर्जरी मिळण्याजोगा आहे आणि मूळ कागदपत्रं अजून जुन्या कॉलेजातच. ऑफिस म्हणतंय, ‘कागदपत्रं आमच्याकडे जमा आहेत असं पत्र देतो, ते घेऊन जा, चालतं.’ मलाही नेमकं हेच सांगितलं होतं. मी विश्वास ठेवला आणि हातात आलेली एमसीएचची (एमएसनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदवीची) जागा गेली. म्हणून जरा लांबलचक लिहितेय.

काउन्सेलिंगमधलं चॉइस फिलिंग, फेऱ्या, अनामत हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडते. एमसीसीच्या, म्हणजे प्रवेशाचं काउन्सेलिंग करणाऱ्या केंद्रीय समितीच्या, माहितीपत्रकातली एकच ओळ आज शोधा. मूळ कागदपत्रं दुसऱ्या संस्थेत जमा असल्याचा दाखला घेऊन येणाऱ्या उमेदवाराला प्रवेश मिळणार नाही, अशा अर्थाची. माझ्या वर्षी ती होती. नियम बदलत राहतात, त्यामुळे माझ्या शब्दावर न जाता यंदाचं पत्रक स्वतः वाचा. मी ती ओळ वाचली होती. पण ऑफिसातला माणूस वर्षानुवर्षं हेच काम करतोय, त्याला माझ्याहून जास्त कळत असणार, असं धरून चालले. तिथेच चुकलं.

मला दुसऱ्या फेरीत परराज्यात जागा मिळाली होती. रात्रभर रेल्वेने प्रवास करून सकाळी प्रवेशाच्या टेबलापाशी पोचले. तिथल्या बाईंनी पत्र वाचलं, पत्रकातली ती ओळ माझ्यासमोर धरली आणि शांतपणे म्हणाल्या, ‘ओरिजिनल्स आणा.’ रिपोर्टिंगची मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत होती. मी जुन्या ऑफिसला फोन लावत राहिले. साहेब रजेवर. बाँडमुक्तीचा आदेश वरून यायचाय. सोमवारी बघू. सोमवारपर्यंत जागा गेली, दोन लाखांची अनामत गेली आणि पुढच्या परीक्षेपर्यंत मी पुन्हा सीनियर रेसिडेंटच राहिले.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढे कळलं. तो आदेश नऊ दिवस आधीच आला होता. आवक नोंदवहीत त्याची नोंद होती. कागद मात्र दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्याच फाइलमध्ये. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. पण विचारणा लेखी नसेल तर तुमचा कागद शोधायला कुणी उठत नाही, हे मी अनुभवाने सांगते. त्या ऑफिसचं नाव विचारू नका, मी देणार नाही. अशी ऑफिसं बरीच आहेत.

तेव्हा अलॉटमेंटची वाट बघत बसू नका. अधिष्ठातांच्या नावे अर्ज करा. बाँड सेवा पूर्ण झाल्याचा दाखला आणि सगळे नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचे दाखले) जोडा, पत्रकातलं ते पान झेरॉक्स करून ओळ अधोरेखित करा आणि काउन्सेलिंगच्या तारखा अर्जातच लिहा. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवा. शिक्का न मारता ‘ठेवून जा’ म्हणाले तर ठेवून येऊ नका. बाँडचे काही दिवस उरले असतील तर पुढच्या शिक्षणासाठी कागदपत्रं मिळण्याची काय तरतूद आहे, हेही लेखीच विचारा. तोंडी उत्तर टेबलागणिक बदलतं. आणि एमएसची वाढीव पात्रता महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदवली नसेल तर तेही आत्ताच करा. माझ्या एका ज्युनिअरचा जीव त्यात टांगणीला लागला होता.

आता तुमचा दुसरा प्रश्न. घरचे म्हणतात, इतकं शिकून ‘नाकं सरळ करत बसणार का’. त्यांना पुण्याजवळची गोष्ट सांगा. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचं नाक एका वीट पाडणाऱ्याने कपाळाची कातडी वळवून परत घडवलं. ती हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातल्या सर्जनांनी ती पद्धत उचलली. कपाळाचा फ्लॅप, म्हणजे रक्तपुरवठ्यासकट वळवलेली कातडी, आजही नाकासाठी वापरतात. देशातला पहिला स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभागही आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये, १९५८ साली, डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला.

आणि एमसीएचच्या तीन वर्षांत नाकं सरळ करायला मिळतात तरी किती! निदान माझ्या सरकारी रुग्णालयात पहिलं वर्ष भाजलेल्या रुग्णांच्या ड्रेसिंगमध्ये, कातडीचे ग्राफ्ट घेण्यात आणि रात्री फ्लॅप बघण्यात गेलं. फ्री फ्लॅपनंतर (हा शरीरातल्या दुसऱ्या जागेवरून पूर्ण सोडवून आणतात आणि त्याच्या रक्तवाहिन्या नव्या जागी जोडतात) पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत दर तासाला जाऊन रंग, ऊब आणि दाबल्यावर परत येणारी लाली बघायची. फिकट आणि गार पडला तर धमनीत अडथळा. निळसर झाला, लाली झटकन परत आली, सुई टोचल्यावर काळपट रक्त आलं तर शिरेत. पहाटे तीनला मला एक फ्लॅप जरासा निळा वाटला. ट्यूबलाइटमुळे वाटत असेल म्हणून मी मोबाइलच्या उजेडात दोनदा बघितला आणि मग सरांना उठवलं. ते आले, रुग्ण परत टेबलावर घेतला, शिरेतली गुठळी काढली, फ्लॅप वाचला. शंका आली की उठवायचं. त्यावर ओरडणारा विभाग असेल तर तिथे शिकायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कॉलेज निवडताना नावाकडे बघू नका. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन करा आणि विचारा, रक्तवाहिनी जोडताना मायक्रोस्कोपखाली सुई कुणाच्या हातात असते? बर्न्स युनिट स्वतःचं आहे का? हाताच्या दुखापती प्लास्टिककडे येतात की ऑर्थोकडे? तुटलेली बोटं रात्री जोडतात का? फाटलेले ओठ-टाळू किती येतात? एवढ्यातून सगळं कळतं. माझा कल मायक्रोसर्जरी आणि हाताच्या शस्त्रक्रियांकडे आहे, त्यामुळे कॉस्मेटिकमध्येच जायचं ठरवलेल्याला हा सल्ला उपयोगी पडेलच असं नाही.

परीक्षेबद्दल एकच. नीट एसएसच्या सर्जिकल ग्रुपचा पेपर जनरल सर्जरीवर असतो, त्यामुळे तुमच्या मित्राने परीक्षेसाठी आत्तापासून फ्लॅप पाठ करू नयेत. आणि हे वाचणाऱ्या एमबीबीएसवाल्यांसाठी: नीट पीजीनंतर एमएस न करता थेट सहा वर्षांचा डीआरएनबी प्लास्टिक सर्जरी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम) हाही रस्ता आहे, पण मी त्या वाटेने गेले नाही, तिकडच्या कुणाला तरी विचारा.

लूप्स, म्हणजे शस्त्रक्रियेचे भिंगाचे चष्मे, आत्ता घेऊ नका. रुजू झाल्यावर दोघातिघांचे डोळ्याला लावून बघा, मान किती वाकते ते तपासा, मग मापाचे करून घ्या. तोवर मुदत संपलेला टाक्यांचा नायलॉन धागा मिळवा आणि कोंबडीच्या तंगडीतली रक्तवाहिनी शिवायला बसा. आधी ८-० चा धागा, हात बसला की त्याहून बारीक १०-०. सुरुवातीला हात थरथरतो, माझाही थरथरायचा.

पण हे सगळं नंतर. उद्या ऑफिस उघडताच अर्ज घेऊन जा. आवक शिक्का मिळाला की इथे कळवा. नाही दिला तरी कळवा, पुढचं पत्र कसं लिहायचं ते मी सांगते.