हनोईत दोन दिवस ग्रुपला काय दाखवू?

प्रश्न: ताई, म्हापशाहून बारा जणांना घेऊन हनोईला जातोय, दोनच दिवस आहेत, चौघं शाकाहारी. कुठून सुरुवात करू? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: दादा, पहाटेच होआन किएम तळ्यावर न्या सगळ्यांना! सहाच्या आत पोचा, आज्या-आजोबा व्यायाम करत असतात, लाल लाकडी पुलावरून न्गोक सॉन मंदिरात जाता येतं, आणि हे सगळं बघताना आपली माणसं आपोआप गप्प होतात. मग पायीच जुन्या वस्तीत शिरा. आपल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिरच्यांची रांग वेगळी, मडक्यांची वेगळी असते ना, तसं तिथे अख्ख्या गल्ल्यांना मालाचंच नाव, हांग बाक म्हणजे चांदीची गल्ली, हांग मा म्हणजे कागदी वस्तूंची.

रस्ता ओलांडणं मात्र आधी शिकवा. स्कूटर थांबत नाहीत, तुम्ही एका चालीत सावकाश चालत राहायचं, त्या बाजूने जातात. मध्येच थांबलात किंवा पळालात तर धोका, हे मी खरंच कळकळीने सांगते.

साहित्य मंदिर म्हणजे कन्फ्यूशियसचं देऊळ, १०७० सालचं, तिथे दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख आहेत, तास तरी द्या. व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांची समाधी सोमवारी आणि शुक्रवारी बंद असते, गुडघे झाकलेले कपडे लागतात.

शाकाहाऱ्यांसाठी 'चाय' (chay, म्हणजे शाकाहारी, चहा नव्हे) लिहिलेली पाटी शोधा, एरवी साध्या भाजीतही फिश सॉस असतो. अंडं चालत असेल त्यांना अंड्याची कॉफी पाजाच, १९४६ मध्ये दुधाची टंचाई होती म्हणून बलक घोटून केलेली, वर पिवळा जाड फेस, खाली कडू काळी कॉफी, बुटक्या स्टुलावर बसून चमच्याने खायची.