पाळी कुणाची, हे ठरवणारी नोकरी

नमस्कार दादा,

तुमची मुलगी कोल्हापुरात ई अँड टीसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या, तिसऱ्या वर्षाला आहे. जोतिबाच्या चैत्र यात्रेत फोन फुल रेंज दाखवत होता, तरी फोटो काही जाईना. तेव्हापासून ती त्याच्याच मागे लागलीय आणि प्रोजेक्टही त्यावरच करणार म्हणते. तुम्ही विचारलंय, "म्हणजे पुढं टॉवरवर चढायची नोकरी का? त्यापेक्षा सरळ आयटीत गेलेलं बरं."

टॉवरवर चढणारी माणसं वेगळी. तुमचा ऊस आहे म्हणून सांगतो, तिला खुणावतंय ते काम पाटकऱ्याचं, म्हणजे पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते ठरवणाऱ्याचं. रेंज दिसते म्हणजे पाट शेताशेजारून जातोय, एवढंच. पाळी आली असं नाही. ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्याचे १०० तुकडे पडतात आणि त्यातला कुठला कुणाला द्यायचा, हे दर मिलिसेकंदाला, म्हणजे सेकंदात हजार वेळा ठरतं. ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेड्यूलर, आणि तो लिहिणं हे तिचं काम.

सिग्नल कसा मिळतोय हे प्रत्येक फोन टॉवरला कळवत असतो. नुसतं चांगल्या सिग्नलवाल्यांनाच देत बसलं तर एकूण आकडा झकास दिसतो, पण टोकाचा शेतकरी कोरडाच. सगळ्यांना सारखी पाळी दिली तर टोकापर्यंत जाताना निम्मं पाणी मुरतं. म्हणून एक भागाकार करतात: आत्ता किती वेग देता येईल, भागिले गेल्या थोड्या वेळात सरासरी किती मिळाला. एका फोनला आत्ता २० एमबीपीएस देता येतात, मिळत आलेत १०, उत्तर २. टोकाच्याला देता येतात ३, मिळत आलाय १, उत्तर ३. पाळी टोकाच्याची!

तेव्हा हे आयटीच, फक्त गणित जास्त. संभाव्यता आणि लिनिअर अल्जेब्रा पक्कं हवं, सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेवर हात बसलेला हवा. गणिताचे पेपर कसेबसे निघाले असतील तर आत्ताच सांगा म्हणावं. प्रोजेक्टला पैसे लागत नाहीत. पायथनमध्ये दहा फोन कल्पून वरच्या तिन्ही पद्धती चालवून बघायच्या. बाजारातून किट आणून जोडलेला प्रोजेक्ट मात्र नको, मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडा पडतो. नंतर गेट देऊन एम.टेक. करावं, नुसत्या पदवीवर अशा टीममध्ये शिरणं अवघड जातं.

आणि ही कामं बेंगळुरू, हैदराबाद, फार तर पुण्यात. कोल्हापुरात राहून मिळतील असं धरून चालू नका. लेकीला लांब पाठवायची तयारी आहे का, हे तुमच्या पत्रात कुठं दिसलं नाही. ते घरात बोलून घ्या. विषय मात्र बदलायला लावू नका.