वाचक विचारतात : एमसीबी पडत नाही, पण टॉप गरम होतो

प्रश्न : घरातल्या रिकाम्या खोलीत मी लाइटखाली पालेभाज्या आणि थोडी मिरचीची रोपं वाढवतो. ४८० वॅटचे दोन एलईडी ग्रो लाइट, ५० वॅटचा एक्झॉस्ट फॅन आणि हवेतला दमटपणा काढणारं ३०० वॅटचं मशीन, हे सगळं एका एक्स्टेन्शन बोर्डावर आहे. बोर्ड भिंतीतल्या ६ अँपिअरच्या पॉइंटला लावलाय. टायमरवर रोज १६ तास चालतं. खोलीची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरची आहे आणि ती कधीच पडत नाही. फक्त संध्याकाळी बोर्डाचा टॉप, म्हणजे भिंतीतल्या पॉइंटमध्ये घालायचा प्लग, हाताला चांगलाच गरम लागतो. एमसीबी पडत नाही म्हणजे काळजीचं कारण नाही, हे बरोबर ना?

उत्तर : नाही, बरोबर नाही. हे वाचून झालं की आधी खोलीची एमसीबी स्वतःच खाली करा. टॉप गार झाला की काढा आणि पिना उजेडात धरून बघा. पितळ काळवंडलंय का? सॉकेटच्या एखाद्या भोकाची कड तपकिरी पडली आहे का? तसं असेल तर टॉप आणि सॉकेट दोन्ही बदलायचे. पॉलिश पेपरने पिन घासून पुन्हा लावायची सवय बऱ्याच घरांत दिसते. त्याने पिन चकचकीत होते, पण सॉकेटच्या आतली पत्ती तापून सैल झालेली असते, ती तशीच राहते.

आता एमसीबी का पडत नाही ते सांगतो. तुमचा एकूण लोड १३१० वॅट. २३० व्होल्टने भागलं की ५.७ अँपिअर येतात. सहाच्या पॉइंटवर तुम्ही काठोकाठ आहात, पण १६ च्या एमसीबीच्या लेखी हे काहीच नाही. घरगुती एमसीबीचं मानक असं आहे की रेटिंगच्या १.१३ पट करंट तासभर गेला तरी ती पडता कामा नये, आणि १.४५ पट गेला तर तासाच्या आत पडलीच पाहिजे. १६ च्या एमसीबीसाठी हे आकडे १८ आणि २३ अँपिअर होतात. ती बसवलेली असते भिंतीतल्या वायरसाठी. तुमच्या टॉपमध्ये काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नाही.

यावर नेहमीचा प्रतिप्रश्न असतो : इस्त्रीही हजार वॅटची असते, ती त्याच पॉइंटवर वर्षानुवर्षं चालते, तिला कुठे काय होतं? इस्त्री अर्धा तास चालते, त्यातही थर्मोस्टॅट तिला मधून मधून बंद करतो. पिन आणि सॉकेटचा सांधा तापला तरी गार व्हायला त्याला सवड मिळते. तुमचे लाइट १६ तास एकसारखे ओढतात. घराच्या वायरिंगला असा लोड क्वचितच बघायला मिळतो, आणि कुठला सांधा कच्चा आहे ते तो शोधून काढतोच.

हा सांधा जरा जवळून बघू. सॉकेटची पत्ती सैल झाली आणि तिथे जेमतेम अर्धा ओहम रोध आला असं धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध : ६ गुणिले ६ गुणिले अर्धा, म्हणजे १८ वॅट. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही पिनेच्या टोकाएवढ्या जागेत, प्लास्टिकच्या आत, रोज १६ तास. लाइटला मात्र २३० ऐवजी २२७ व्होल्ट मिळतात, त्यामुळे उजेडात काडीचाही फरक दिसत नाही. एमसीबीला तर करंट जवळपास तेवढाच दिसतो. उष्णतेने पितळावर गंज चढतो, पत्ती आणखी सैल होते, रोध वाढतो आणि सांधा आणखी तापतो. सुरुवातीला कोमट, मग गरम, मग माशासारखा उग्र वास. तो वास आला तर टॉपला हात न लावता आधी एमसीबी खाली करायची.

आता करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे : या खोलीसाठी डीबीतून (घरातल्या एमसीबींच्या मुख्य डब्यातून) वेगळी लाइन ओढून घ्या. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ ची एमसीबी, भिंतीवर १६ अँपिअरचे तीन-चार पॉइंट. प्रत्येक लाइटचा टॉप थेट भिंतीत, मधे बोर्ड नाही. लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या आणि टर्मिनलचे स्क्रू त्याला तुमच्यासमोर आवळायला सांगा. एक्स्टेन्शनला पर्यायच नसेल तर त्याची वायर पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळी केलेल्या वायरला उष्णता बाहेर टाकता येत नाही, आतले वेढे बाहेरच्यांपेक्षा कितीतरी जास्त तापतात.

अमेरिकेत तीन तास किंवा त्याहून जास्त वेळ चालणाऱ्या लोडसाठी सर्किटच्या ८० टक्केच धरायचे असा नियम आहे. तिथे १२० व्होल्ट असल्याने तुमचा हाच लोड ११ अँपिअर होईल, आणि १५ च्या सर्किटवर परवानगी १२ ची. बेताबेताने बसेल. कुठल्याही देशात पाळावा असा हा नियम आहे. १६ च्या लाइनवर सतत चालणारा लोड १३ च्या आत ठेवा.

पाण्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, त्यामुळे मीच विचारतो : बोर्ड ट्रेच्या खाली तर नाही ना? तो ट्रेच्या वरच्या उंचीवर, भिंतीला हवा. वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडतं, सॉकेटात शिरत नाही. लाइनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. ती माणसाला शॉकपासून वाचवते, ओव्हरलोडचं काम तिचं नाही, म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. लाइटची धातूची चौकट अर्थिंगला जोडलेली आहे का, हेही मीटर लावून तपासून घ्या.

प्रश्न : माझे चार एलईडी पॅनेल एकाच टायमरवर आहेत. पहाटे टायमर चालू होताच १० ची एमसीबी पडते. पुन्हा वर केली की कधी टिकते, कधी नाही. एकदा टिकली की दिवसभर काही होत नाही. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात २५ ची टाकून द्या.

उत्तर : त्या गृहस्थांचे आभार माना आणि विषय बदला. १० च्या एमसीबीमागे बहुधा दीड चौरस मिलिमीटरची वायर असते. तिच्यावर २५ ची टाकली तर एमसीबीच्या आधी वायर तापेल, आणि ती भिंतीत असते.

तुमच्याकडे ओव्हरलोड नाही, चालू होतानाचा झटका आहे. एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे त्याला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या भागात, वीज साठवणारे कपॅसिटर असतात. रिकामे कपॅसिटर भरताना एका मिलिसेकंदाच्या आसपास वेळात कित्येक पट करंट ओढला जातो. चार ड्रायव्हर एकदम चालू झाले की हे झटके एकावर एक चढतात. बी प्रकारची एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पटीला लगेच पडते, सी प्रकारची ५ ते १० पटीला. झटका दर वेळी सारखा नसतो, व्होल्टेजच्या लाटेत नेमक्या कुठल्या क्षणी स्विच लागला त्यावर तो ठरतो. म्हणून कधी टिकते, कधी नाही.

दोन टायमर घ्या आणि पॅनेल दोन-दोन करून पाच मिनिटांच्या अंतराने चालू करा. बऱ्याचदा एवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर वायरमनकडून १० चीच, पण सी प्रकारची एमसीबी बसवून घ्या. त्याने आधी अर्थ फॉल्टचा लूप, म्हणजे बिघाड झाल्यावर करंट अर्थिंगमधून ज्या वाटेने परततो तिचा रोध, मोजून बघितला पाहिजे.

टायमरवरही लक्ष ठेवा. त्यावर लिहिलेले १६ अँपिअर हीटरसारख्या साध्या लोडचे असतात. अशा झटक्यांनी आतले कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटतात, मग टायमर बंद दाखवतो आणि लाइट रात्रभर चालूच राहतात. चारपेक्षा जास्त पॅनेल असतील तर टायमरने फक्त कॉन्टॅक्टर (मोठा लोड चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) चालवावा, लोड कॉन्टॅक्टरने उचलावा.

प्रश्न : '१००० वॅट' लिहिलेला लाइट घेतला. मीटर लावला तर ११० वॅटच दाखवतो. फसलो का?

उत्तर : थोडेसे. १००० हा 'अमुक जुन्या दिव्याच्या तोडीचा' असा जाहिरातीतला आकडा असतो. वायरिंगच्या दृष्टीने ११० च खरे.

पण निराश होऊ नका. चांगला एलईडी दर वॅटला सेकंदाला सुमारे अडीच मायक्रोमोल प्रकाश देतो (रोपांना मिळणारा प्रकाश मोलमध्ये मोजतात, मायक्रोमोल म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग). १०० वॅटचे २५० झाले. एक चौरस मीटरवर १६ तास तो पडला तर दिवसाला साधारण १४ मोल होतात. लेट्यूससारख्या पालेभाजीला १२ ते १७ पुरतात. काही उजेड बाजूला सांडतो, तेव्हा १२०-१३० वॅट धरा. पहिल्या पत्रातल्या वाचकांनीही आपली जागा मोजून बघावी, कदाचित दुसऱ्या लाइटची गरजच निघणार नाही.

तुमच्या मीटरवर पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले व्होल्ट गुणिले अँपिअर) दिसत असेल तर तोही बघा. स्वस्त ड्रायव्हरचा ०.५५ वगैरे निघतो, मग हेच ११० वॅट अर्ध्या अँपिअरऐवजी पाऊण अँपिअरच्याही वर करंट ओढतात. एका लाइटला फरक पडत नाही. असे दहा लावणार असाल तर वॅटवरून हिशेब करू नका, मीटरवरचे अँपिअर धरा.