बावड्याचा रस्ता आणि पोराची सायकल

प्रश्न : मुलगा सहावीत आहे. शाळा दीड किलोमीटरवर. रिक्षा बंद करून मित्रांबरोबर सायकलनं जातो म्हणून हटून बसलाय. पण गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. सासूबाई तर नावच काढू देत नाहीत. सोडू का?
– एक आई, कसबा बावडा

उत्तर : ताई, सोडा. पण उद्याच नको.

३१ वर्षं मी पीटी शिकवली, शाळा सुटताना रोज फाटकावर उभा राहिलो. त्या अनुभवावरून सांगतो, आधी आठवडाभर त्याच्याबरोबर चालत जा. तेही शाळेच्याच वेळेला. रविवारचा मोकळा रस्ता बघून काही कळत नाही. कुठं थांबायचं, कधी ओलांडायचं, हे त्यानं तुम्हाला सांगायचं. चुकला तर हात धरायला तुम्ही आहातच.

तुमची ट्रॅक्टरची भीती खरी आहे. ट्रॅक्टर गेला, ट्रॉली गेली, की पोरं चाक पुढं घालतात. मागं दुसरी ट्रॉली असते! वळणावर ती ट्रॅक्टरच्या चाकोरीतून येत नाही, आतल्या बाजूला कापत येते. एकदा एका पोराला मी दप्तराला धरून मागं ओढलं, तेव्हा बाहेर लोंबणारा ऊस त्याच्या टोपीला घासून गेला. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. म्हणून शेवटच्या ट्रॉलीचं मागचं चाक पुढं गेल्याशिवाय जागचं हलायचं नाही. आणि चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढायचा नाही, ट्रॉलीला धरून सायकल पळवायची नाही. हे त्याला शपथ घालून सांगा. मोह कुणाला होत नाही? माझे चांगले चांगले विद्यार्थी हे करताना मी धरलेत.

सायकल त्याच्या मापाची घ्या, ‘पुढं चालेल’ म्हणून मोठी नको. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे टेकले पाहिजेत. दप्तर हँडलला अडकवू नका, कॅरिअरला बांधा. मोठ्या चौकात उतरून सायकल हातात धरून चालायचं. मित्र चिडवतील, चिडवू देत. पावसात ब्रेक उशिरा लागतात, तेव्हा जूनमध्ये पुन्हा दोन दिवस बरोबर जा.

सासूबाईंनाही एक दिवस त्या चालण्यात घ्या. चौकात नातू कसा थांबतो ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे.